कारणाचा रकाना

तीन नंबरची मोटर पुन्हा थांबली. दोन चाळीस.
लॉगबुकात तारीख, वेळ, माझी सही,
कारणाच्या रकान्यात आडवी रेघ.
अकरा दिवसांत सातवी.

रबाळ्यात, नाल्याला पाठ लावून आमची शेड,
प्लास्टिकच्या दाण्यांचा तो गोडसर जळका वास
जो केसांतून रविवारीही जात नाही.
स्टार्टरचं दार उघडून मी उकिडवी बसले.
सर्टिफिकेटवर माझ्या 'वायरमन' लिहिलंय.
बदलून घ्यायला कोण जातंय.

ओव्हरलोड रिले जागेवर. पडला असता
तर निदान गुन्हा कबूल झाला असता.
फ्यूज तिन्ही शाबूत.
करंट एकेचाळीस, तिन्ही फेजला सारखा.
कॉइल बदलली. कॉन्टॅक्टर बदलला.
टायमरही बदलला, त्याचा काही दोष नसताना,
वर्गात मागच्या बाकावरच्याला छडी बसते तसा.
आणि हिरवं बटण दाबलं की मोटर निमूट सुरू,
जणू मीच काहीतरी स्वप्नात पाहिलं.

रेगे साहेब म्हणाले, लाइनला डिप येत असेल.
असेल. मग दोन नंबर का नाही थांबत?
हेल्पर गजेंद्रने पॅनेलला लिंबू बांधलं.
लिंबू सुकलं.

यात एक गंमत आहे, सांगते.
हिरवं बटण बोट आहे तेवढाच वेळ कामाचं.
पुढे कॉन्टॅक्टर आपल्याच एका पत्रीने
आपल्यालाच धरून ठेवतो.
पापणी लवेल इतका वेळ जरी वाट तुटली
तर हात सुटतो,
आणि वाट पुन्हा जुळली तरी
तो आपणहून परत धरत नाही.
असली दोन माणसं माझ्या माहेरी आहेत.

म्हणजे वाट कुठेतरी तुटतेय.
ड्रॉइंगमध्ये पॅनेलबाहेर दोन वायरी जातात.
मी मोजल्या. चार.
जास्तीच्या दोन भिंतीलगतच्या पाइपात शिरतात
आणि पाइपावर तीन रंगांचे थर.

गोठिवलीला गेले, पुंडलिक मढवींकडे.
एकतीस वर्षं याच शेडमध्ये काढली,
आता ओट्यावर, घमेल्यातल्या गरम पाण्यात पाय,
सुपारी कातरता कातरता म्हणाले,
"कन्व्हेयरच्या शेपटाला बगलास का? गोन्यांच्या मांगं?
बटन हाय तथं. मीच बसवलंय.
भोलाचा हात गेलता तवा. दोन बोटां रायली.
सायेब बोलला, कागदाव नको घेव."

गोण्या सरकवल्या. होतं.
पत्र्याची डबी, लाल टोपी, वर भुकटीची साय.
आत एक स्क्रू अर्ध्या आट्यावर.
भिंतीपलीकडे शेजाऱ्यांची प्रेस,
मोठा डाय लागला की भिंत दात खाते
आणि स्क्रूखालची वायर हलते.
केसाएवढी.

रेगे साहेब म्हणाले, शॉर्ट करून टाक,
कोण वापरतंय ते.
मी ऐकलं. उत्तर दिलं नाही.
नवा लग लावला, स्क्रू आवळला, डबी पुसली,
गोण्या परत तिथे रचू दिल्या नाहीत.
गजेंद्रला पिवळा ऑइलपेंट आणायला लावला
आणि जमिनीवर चौकोन आखला, वाकडाच आला.
ड्रॉइंगवर लाल पेनने बटण काढलं.
शेजारी 'भोला' लिहावंसं वाटलं.
'स्टॉप तीन' लिहिलं.

मग टेस्ट म्हणून तळव्याने दाबलं.
मोटर थांबली, पट्टा थांबला,
पंख्याची पाती दिसायला लागली,
आणि नाल्याचं पाणी वाहतं ते मला
चार वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं.
सव्वाचार.
लॉगबुक उघडलं. तारीख, वेळ, सही,
आणि कारणाच्या रकान्यात:
मी.